बिद्रीचं बाळ आणि मुकं इंजिन

रविवारी सकाळी संघप्रिया कळंब्याच्या तळ्यावर पोचली तेव्हा तिच्या एका खांद्याला कागदांची पिशवी होती, दुसऱ्यावर पाच महिन्यांची दीप्ती, आणि डोळ्यांत तीन आठवड्यांची तुंबलेली झोप. सासूबाई भाच्याच्या लग्नाला शाहूवाडीला गेलेल्या, नवरा बिद्रीच्या साखर कारखान्यात मशिनरी उघडून बसलेला. मग पोर नेणार कुठं?

हायड्रोजनवर वीज करणारा फ्युएल सेलचा संच तिनं चार वर्षं खपून केला होता. आज तो होडीत बसवून तासभर चालवायचा. आवाज पंचावन्न डेसिबलच्या आत राहिला, तर मालवाहू जहाजासाठी याच्या शंभरपट मोठा संच करायचं काम मिळणार. नाही तर तिचा विभागच बंद, असं कंपनीच्या मालकांनी सरळ सांगितलं होतं.

"सुरू करा की," तपासणीला आलेले हंबीरराव म्हणाले. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून निवृत्त झालेला माणूस.

"सुरूच हाय साहेब," फोरमन गुंडू होडीतून म्हणाला.

"मला येडं समजतोस व्हय? काय ऐकूच येईना."

"त्येच तर!"

एवढ्यात त्या शांततेला घाबरून दीप्तीनं भोकाड पसरलं. होडीतला आवाजाचा मीटर एकदम ब्याण्णववर.

"साहेब, ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये जन्मली," संघप्रिया ओशाळून म्हणाली. "धडधड असल्याशिवाय झोपतच नाही. एप्रिलात गाळप थांबलं, तेव्हापासून रिकामा मिक्सर लावते. दोन जळले."

गुंडू धावला. काठावर उसाला पाणी देणारं डिझेल इंजिन होतं, त्याचं हँडल मारलं. धडधड सुरू होताच दीप्तीचे डोळे रडता रडताच मिटले. मीटर शहाऐंशी.

"अरे, बंद कर ते!"

बंद केलं. ब्याण्णव.

तिसऱ्यांदा हँडल मारून गुंडू घामानं निथळला. "एक तर पोर गप हुतंय, न्हाय तर इंजिन पास हुतंय. दोन्ही काय जमंना साहेब."

हंबीररावांनी हात पुढं केले. "द्या ती पोरगी इकडं. रिटायर झाल्यापासनं मी तरी कुठं झोपलोय? बायको म्हणते, आता निवांत पडा. त्या निवांतपणातच डोळा लागत नाही." ते डिझेल इंजिनाशेजारी लिंबाखाली बसले. "तुम्ही होडी घेऊन जावा पार पलीकडं. मीटर आपोआप सगळं लिहितंय. तासानं या."

पलीकडं आवाज म्हणून नव्हता. संघप्रियेनं दाब पाहिला, तापमान पाहिलं. सगळं नीट. "गुंडूमामा, जरा लक्ष ठेवा, मी..." वाक्य तिथंच राहिलं.

तासानं होडी परतली तेव्हा डिझेल इंजिन धडधडत होतं, हंबीररावांची हनुवटी छातीला टेकली होती, आणि त्यांच्या पोटावर पालथी दीप्ती त्यांचं पेन मुठीत धरून झोपली होती. गुंडूनं इंजिन बंद केलं. दोघंही एकदमच जागी झाली आणि दोघांचीही तोंडं वाकडी झाली.

दीप्तीला आईकडं देऊन हंबीररावांनी मीटर पाहिला. "अठ्ठेचाळीस. झकास. पण पाचव्या मिनिटापासनं हे सत्तावन्नचे झटके कसले? पंप खराब?"

संघप्रियेनं पुढं वाकून मीटर पाहिला. चार वर्षं! "पंप तर... म्हणजे मी बघितलं तेव्हा तरी..."

गुंडूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "पंप न्हाय, साहेब. म्याडम हायत त्या. घोरत हुत्या."

हंबीररावांनी दीप्तीच्या मुठीतून हळूच पेन सोडवून तपासणीच्या कागदावर लिहिलं : यंत्र पास. जादा आवाज यंत्राचा नाही.

खाली सही ठोकली, कागद तिच्या हातात दिला, पोरगी परत मागून घेतली आणि लिंबाला टेकले.

"गुंडू, मार हँडल. माझ्या बसला अजून अर्धा तास हाय."