उंदरिणीचा वसंत

निसर्ग मोठा शिस्तीचा असतो. फक्त त्याला वेळापत्रक आधी दाखवावं लागतं. ‘लहान जीवांचं वर्ष’ या बावीस मिनिटांच्या माहितीपटासाठी वाहिनीने ते रीतसर मंजूर करून घेतलं होतं: उन्हाळ्यात पिल्लं, पावसाळ्यात संकट, हिवाळ्यात निर्धार आणि वसंतात आनंद. (आनंद शेवटी का, ते जाहिरातदारांना विचारावं.)

कॅमेरामन मात्र जुन्या वळणाचा. जे दिसेल ते टिपायचं, ही त्याची वाईट खोड. गोदामामागच्या फुटक्या पाइपात राहणाऱ्या एका उंदरिणीसमोर त्याने नऊ महिने पोटावर पडून काढले. पाठ कामातून गेली. तिला तो ‘बाईसाहेब’ म्हणायचा. हिवाळ्याच्या तिसऱ्या आठवड्यात, कुणाचीही परवानगी न घेता, बाईसाहेब पाइपाच्या तोंडाशी मेल्या. ते चाळीस सेकंद त्याने टिपले. वीस वर्षांच्या नोकरीत इतकं खरं त्याच्या हातून काही टिपलं गेलं नव्हतं. ते राहावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

निर्मातीबाईंनी चाळीसही सेकंद पाहिले आणि पाहणी अहवाल उघडला. शंभरातल्या एक्क्याऐंशी प्रेक्षकांना डोळे असलेला प्राणी मेलेला चालत नाही. (गांडुळाला हरकत नाही.)

“अहो, लोक जेवताना बघतात हे.”

“पण मॅडम, ती मेली.”

“ते तुम्हाला माहीत. त्यांना कशाला सांगायचं?”

प्राण्यांच्या दुकानातून एक पांढरी उंदरीण आली. तिला चहाच्या पाण्याने मातकट करून कुंडीतल्या फुलांत सोडलं आणि वसंत दुपारी साडेतीनपर्यंत उरकला. चाळीस सेकंद पुसण्याच्या अर्जावर टिपणाऱ्याची सही लागते. त्याने केली.

माहितीपट गाजला. घरी बायकोने तो दोनदा पाहिला. उंदरीण फुलांतून बाहेर आली तशी ती डोळे पुसत म्हणाली, “जगली गं बाई माझी! अहो, किती जीव लावून टिपलंत!”

त्याला भडभडून आलं. आता सांगूनच टाकावं, म्हणून त्याने तोंड उघडलं.

“आणि ऐका ना,” ती म्हणाली, “ओट्याखाली पुन्हा खुडबुड चाललीय. पिंजरा नको हं, सकाळी बघवत नाही. ती गोळी आणा, खाऊन बाहेर जाऊन मरतात ती.”

त्याने तोंड मिटलं आणि चपला घातल्या. दुकानात रांग होती. रांगेत तुम्हीही होता. बाहेर म्हणजे नेमकं कुठे, हे तुम्हीही विचारलं नाहीत.