रुखवतातलं चिक्कीचं घर

मुलीच्या रुखवतात एक वस्तू तरी आईच्या हातची असावी, एवढंच मी म्हटलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण होणाऱ्या व्याह्यांनी, केशवरावांनी, अड्याळला नवीन दुमजली घर बांधलं. आम्ही चहाला गेलो तेव्हा त्यांनी ते नळाच्या तोट्यांसकट दाखवलं. परत येताना मी बोलून गेले, की कीर्तीच्या रुखवतात हेच घर करणार, फल्लीदाण्याच्या चिक्कीचं.

"घर कायले?" आमचे हे म्हणाले. "लाडू कर ना. लाडू पडला तरी लाडूच राह्यते."

(मी दोन दिवस यांच्याशी कामापुरतं बोलले.)

पहिला पाक जळला. दुसरा ओट्यावर ओतला, पण आधी तूप लावायचं राहिलं. चिक्की ओट्याचीच झाली. ती काढताना यांनी उलथणं वाकवलं आणि स्वयंपाकघरात येणं बंद केलं. तिसऱ्यांदा मात्र पाकाचा थेंब पाण्यात टणक झाला. गरम असतानाच भिंती कापल्या, बोटं भाजली, पाकानेच सांधे जोडले. गॅलरी केली. गच्चीवर पाण्याची टाकी म्हणून एक मोठा काळा मनुका ठेवला. घर असं ऐटीत उभं राहिलं, की मी शेजारच्या गोदावरीबाईंना तीन वेळा बोलावून दाखवलं.

लग्न मे महिन्यातलं. मांडवात घर टेबलावर ठेवलं. दुपारी पाहते तर गॅलरी खाली झुकलेली. आधी वाटलं, चष्मा तिरपा झाला असेल. यांना बोलावलं.

"मान टाकून राहिलं," हे म्हणाले.

सून उंबरठा ओलांडायच्या आत सासरचं घर पडलं, असं कोणी म्हटलं तर? पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. आणि विहीणबाई, शकुनबाई, रुखवत बघायला कोणत्याही क्षणी येणार होत्या.

आमच्याकडे उन्हाळ्यावर एकच इलाज, कूलर. तो केशवरावांकडे तोंड करून होता. मी तो रुखवताकडे वळवला, वरून बादलीभर पाणी ओतलं. केशवराव उपरण्याने वारा घेत बसले. (पावसाळाभर गूळ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणारी बाई मी. ओल्या हवेने गुळाचं काय होतं, हे मला नेमकं त्याच दिवशी आठवू नये.)

वरचा मजला अगदी सावकाश, म्हातारं माणूस बाजेवर बसावं तसा, खालच्या मजल्यावर बसला. भिंती बाहेर कलंडल्या. मधे पाकाचं थारोळं झालं आणि त्यात टाकी.

तेवढ्यात शकुनबाई बायका घेऊन आल्या. मी पदर पसरून समोर उभी राहिले. त्यांनी मला हाताने हळूच बाजूला केलं आणि वाकून पाहत राहिल्या. माझे हात आपोआप जोडले गेले होते.

"विहीणबाई, हा आमच्या वावरामागचा तलाव होय ना?" त्या म्हणाल्या. "पाळ पाहा, जशी वाकडी हाय तशीच घेतली. अन् मंधात म्हैस बी बसवली."

मी यांच्याकडे पाहिलं.

"म्हैस तिनं खास बसवली," हे गंभीरपणे म्हणाले.

शकुनबाईंना गहिवरून आलं. घर तर पैसा असला की कोणीही बांधते, पण तलावाची आठवण कोणाला येते, असं त्या सगळ्या मांडवाला सांगत होत्या. कीर्ती सुखाने सासरी गेली.

आता शकुनबाईंच्या धाकट्या मुलीचं, अपेक्षाचं लग्न ठरलं आहे. परवा फोन आला, रुखवतात तलाव तुमच्याच हातचा पाहिजे, हुबेहूब तसाच. तेव्हापासून मी रोज पाक करते. पाळ वळवायला जाते तर चिक्की सरळ राहते, भिंतीसारखी टणक. वाकत नाही, पसरत नाही, पाणी तर सुटतच नाही.

काल रडकुंडीला येऊन कढई खाली ठेवली, तेव्हा हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू घर कराले घे. तलाव आपोआप होते."