खिडकीतला माइक

प्रूफरीडरच्या खिडकीखाली सुताराचं दुकान होतं आणि समोरच्या दारात शेजारच्या वहिनी होत्या. करवत निदान जेवायला तरी थांबायची. वहिनी जेवतानाही फोनवर बहिणीशी बोलत. या दोन आवाजांच्या कात्रीत बसून त्यानं मागच्या पुस्तकाची प्रूफं तपासली होती. त्यात एकच पान दोनदा आलं होतं आणि त्यानं ते दोन्ही वेळा मन लावून तपासलं. तसंच ते छापलं गेलं. प्रकाशक ओरडले नाहीत. "आता शब्दकोश आहे. यात असं झालं तर पुढचं काम दुसऱ्याला देईन," एवढंच म्हणाले.

म्हणून त्यानं आवाज मारणारं यंत्र आणलं. खिडकीबाहेर माइक, टेबलावर पेटी. बाहेरचा आवाज माइक पकडणार, पेटी त्याच्या बरोबर उलटा आवाज सोडणार आणि दोन्ही आवाज एकमेकांना संपवणार. यंत्राच्या दुकानातला माणूस ते बसवायला आला, तेव्हा प्रूफरीडरनं त्याची उलटतपासणीच घेतली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्याचा स्वभाव तसा झाला होता. बायकोनं चहात साखर घातली आहे म्हटलं, तरी तो आधी ढवळून बघायचा.

"आवाजानं आवाज कसा मरेल? दुप्पट नाही का होणार?"

"नाही हो साहेब. फक्त याला बाहेरचं सगळं नीट ऐकू आलं पाहिजे. अगदी बारीकसारीकसुद्धा."

हे वाक्य तो खिडकीत वाकून, मोठ्यानं म्हणाला. खाली सुतार फोनवर बोलत होता. त्यानं मान वर करून माइकचा हिरवा दिवा पाहिला आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून चिडीचूप. करवत नाही, वहिनी नाहीत. प्रूफरीडर खूश झाला आणि त्यानं एका बैठकीत बरीच पानं हातावेगळी केली. दुपारी पाय मोकळे करायला म्हणून तो बाहेर पडला, तर जिन्यात वहिनी आणि सुतार काहीतरी कुजबुजत होते. त्याला पाहताच "बरं मग" म्हणून दोघं दोन दिशांना गेले. दुकानातलं गिऱ्हाईक सुताराशी हातवारे करून बोलायला लागलं. प्रूफरीडर तसाच माघारी वळला.

"काय गं, हे यंत्र जिन्यातही चालतं का?" त्यानं बायकोला विचारलं.

"मला काय ठाऊक. पण कालपासून माझ्याशी कुणी धड बोलत नाहीये. वहिनी नुसत्या हसतात."

"कशा हसतात?"

"दात न दाखवता."

त्यानंतर त्याचं लक्ष उडालं. करवतीवर चिडता तरी येत होतं. या शांततेचं काय करायचं ते कळेना. शब्दकोश परवा द्यायचा होता आणि एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय याची त्याला खात्रीच पटली. शेवटी त्यानं यंत्राच्या दुकानात फोन लावला. "तुमचं यंत्र प्रमाणाबाहेर चालतंय. येऊन बघा."

माणूस आला. त्याच्या पाठोपाठ सुतार आणि वहिनीही आत शिरले.

"साहेब, सरळच विचारतो," सुतार म्हणाला. "आमचं बोलणं साठवता कुठं? कपाटाला पॉलिश चालू आहे असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. लाकूडच आलेलं नाही, करवत दुसऱ्याच्याच कामावर चालते, हे तुम्ही त्याला ऐकवणार का? म्हणून तीही बंद ठेवलीय."

"आणि मी सासूबाईंबद्दल जे बोलले ते रागात बोलले होते," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे रोजच रागात होते."

प्रूफरीडर चक्रावला. "अहो, हे काही साठवत नाही. फक्त आवाज मारतं."

तेवढ्यात पेटीच्या मागं हात घालून चाचपणारा माणूस थबकला. "साहेब, हे तर बंद आहे. मागचं बटण दाबायचं माझ्याकडून राहूनच गेलं."

"पण दिवा?"

"तो नुसता माइकचा."

प्रूफरीडरच्या सगळं लक्षात आलं. बोलणं साठवतो असं खोटं सांगितलं तर भांडण पेटणार होतं, खरं सांगितलं तर करवत परत येणार होती. तरी त्यानं मन घट्ट केलं. "ऐकलंत ना? बंदच होतं. खुशाल बोला."

वहिनींनी सुताराकडे पाहिलं. "बंद होतं म्हणे. पकडल्यावर बंदच असतं सगळं."

दोघं चवड्यांवर चालत गेले. मागून दार इतक्या हळू लागलं, की कडीही वाजली नाही. पलीकडे पुन्हा कुजबूज सुरू झाली.

"झालं तुमच्या मनासारखं," बायको म्हणाली. "आता बसा शब्दकोश घेऊन."

"चालू करून देऊ ना, साहेब?" माणसानं बटणावर बोट ठेवून विचारलं.

प्रूफरीडर दाराला कान लावून उभा होता.

"ते राहू दे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुमच्याकडे कुजबूज मोठी करून ऐकवणारं काही मिळतं का?"