आजोबांचे दोन तास

सकाळपासून भिंगरीने मेल अठ्ठावीस वेळा उघडून पाहिला होता आणि चहाचं पाणी अजून उकळलंही नव्हतं. एका हातात कोरडा पाव, दुसऱ्या हातात फोन, पायात एकच चप्पल, अशी ती सामाईक स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत येरझारा घालत होती. दुसरी चप्पल कुठे राहिली हे शोधायला थांबावं लागलं असतं, आणि थांबणं तिला जमत नव्हतं.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण एका जागी पाच मिनिटं न बसणाऱ्या मुलीसाठी ते कुणी वापरलंच नाही. परदेशात यंत्र अभियांत्रिकी शिकायला येऊन तिला वर्ष झालं होतं. आता पुढचे सहा महिने एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करायची, असा कॉलेजचा नियम होता. महिनाअखेरीपर्यंत कंपनीचं पत्र दिलं नाही तर कॉलेजातून नाव कमी होणार, नाव कमी झालं की राहण्याचा परवाना रद्द होणार, आणि परवाना रद्द झाला की बॅग भरून घरी. महिना संपायला अकरा दिवस उरले होते. अर्ज त्र्याण्णव झाले होते. बहुतेक कंपन्यांनी उत्तरच दिलं नव्हतं, आणि ज्यांनी दिलं होतं त्यांनी तिला नकार देऊन वर उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा दिल्या होत्या.

शेजारच्या खोलीत एक सिनिअर राहायची. तिला इंटर्नशिप मिळालेली असल्यामुळे ती जगातल्या कुठल्याही विषयावर ठामपणे बोलू शकत असे. तिने भिंगरीचा अर्ज वाचला आणि तोंड वाकडं केलं.

"तुझे मार्क कोण विचारतंय गं? इथे त्यांना ओढ दिसावी लागते. लहानपणी काहीतरी घडलं आणि तेव्हापासून मला तुमच्या मशीनचं वेड लागलं, असं काहीतरी."

"पण घडलं नाही ना काही."

"मग पत्रात घडव. तू स्वतः नको, घरातलं कुणीतरी घे. म्हातारं माणूस असलं तर उत्तम."

त्याच दुपारी भिंगरीने तीन पत्रं लिहिली. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीला तिने कळवलं की, ती सात वर्षांची असताना तिचे आजोबा आपल्याच कंपनीच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे दोन तास अडकले होते. तिने फटीतून त्यांना पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्र दिलं, आणि त्याच क्षणी आयुष्याचं ध्येय ठरवलं. शीतगृहाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रात तिची आजी तासभर शीतगृहात कोंडली गेली. सरकते जिने बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रात बाबांची पँट जिन्यात अडकली. वस्तुस्थिती अशी होती की त्यांचं घर तळमजल्यावर होतं, आजोबा जन्मात लिफ्टमध्ये चढले नव्हते, आजी फ्रिजमधलं पाणीसुद्धा पीत नसे, आणि बाबा सरकता जिना दिसला की शेजारचा साधा जिना शोधत.

लिफ्ट कंपनीने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं आणि सोमवारी मुलाखतीला बोलावलं.

भरती पाहणाऱ्या बाई फार प्रेमळ होत्या. पत्रातला पाण्याच्या बाटलीचा भाग त्यांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवला आणि डोळे टिपले. मग म्हणाल्या, "एक छोटीशी औपचारिकता आहे," आणि दार उघडून सुरक्षा अधिकारी आत आले. ते उंच, सडपातळ होते आणि त्यांच्या हातात एक कोरी फाइल होती.

"दोन तास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आमच्या लिफ्टमध्ये?"

"हो."

"आमच्याकडे नोंद नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ माणूस अडकला की नोंद व्हायलाच हवी. झाली नाही म्हणजे आमची चूक, आणि चूक म्हटली की चौकशी."

"पण खूप वर्षं झाली हो त्याला. आमची काही तक्रार नाहीये."

"तक्रार नसली तरी घटना आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फाइलवर क्रमांक घातला. "आजोबा हयात आहेत?"

या क्षणी आजोबांना स्वर्गात पाठवलं असतं तर सगळंच मिटलं असतं. पण भिंगरीची जीभ रेटेना. "आहेत," ती म्हणाली. "ठणठणीत आहेत."

"छान. गुरुवारी सकाळी दहाला व्हिडिओवर त्यांचा जबाब घेऊ. आम्हाला तुमची भाषा येत नाही, तेव्हा तुम्हीच सांगा ते काय म्हणतात ते."

"जबाब झाला की पत्र देतेच," बाई गोड हसून म्हणाल्या. "काय आहे, फाइल उघडी असताना मला सही करता येत नाही."

भिंगरीने बसथांब्यावरूनच घरी फोन लावला. तीन बसेस समोरून गेल्या, पण तिने हात केला नाही.

आता तिच्या आजोबांविषयी सांगायला हवं. ते निवृत्त वजनमापे तपासनीस होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून तराजू तपासले होते आणि चाळीस ग्रॅमच्या फरकासाठी सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानाला टाळं ठोकलं होतं. मेव्हणा अजून बोलत नव्हता. आजोबांना त्याचं वाईट वाटे, पण चाळीस ग्रॅम ते चाळीस ग्रॅम.

"म्हणजे मी अडकलो होतो असं सांगायचं?" सगळं ऐकून ते म्हणाले.

"तुम्ही नुसतं हो म्हणा, आजोबा. बाकीचं मी बोलते."

"पण अडकलो नाही ना."

"माहितीये हो मला!"

"मग हो कसं म्हणू?"

भिंगरीला रडूच कोसळलं. बसथांब्यावरची दोन माणसं सरकून लांब उभी राहिली. "आजोबा, मला परत यावं लागेल," ती हुंदके देत म्हणाली. "अर्धवट. सगळं सोडून."

"रडू नकोस," आजोबा म्हणाले. "मी खोटं बोलणार नाही आणि तुझं नुकसानही होऊ देणार नाही. असलं अजून काय काय लिहिलंयस, ती सगळी पत्रं मला पाठव. एकही गाळू नकोस."

तिने तिन्ही पत्रं पाठवली. नंतर आजोबांकडून शब्द नाही. मंगळवारी संध्याकाळी आईशी बोलणं झालं, तर ती वेगळंच सांगायला लागली.

"तू काय सांगितलंयस गं आजोबांना? सकाळी नऊला आजीला घेऊन बाहेर पडले ते दोनला परत आले. आता पाय चेपून घेतायत, आणि आजी कुणाशी बोलत नाहीये."

"कुठे गेले होते?"

"विचारलं मी. कामाला गेलो होतो म्हणतात. रिटायर होऊन अठरा वर्षं झाली त्यांना!"

बुधवार भिंगरीने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. आजोबांनी नाही म्हटलं तरी आपण त्याचं हो करायचं, असं तिने रात्री पक्कं ठरवलं. त्यांची भाषा इथे कुणाला येतेय? लाज वाटत होती, पण बॅग भरण्याची भीती त्याहून मोठी होती.

गुरुवारी दहाला बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर आजोबा दिसू लागले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, समोर वही. ते कॅमेऱ्याकडे थेट रोखून पाहत होते. दुकानदारांकडे ते असेच पाहत असणार. सुरक्षा अधिकाऱ्यांनी पेन उघडलं. भरतीच्या बाईंनी हातरुमाल काढून ठेवला.

"त्यांना विचारा, ते आमच्या लिफ्टमध्ये अडकले होते का?"

भिंगरीने विचारलं. आजोबा स्पष्ट आवाजात म्हणाले, "हो. अडकलो होतो."

भिंगरी खुर्चीतून पडायचीच बाकी राहिली. मेव्हण्याला न सोडणाऱ्या माणसाने नातीसाठी जन्मभराचं व्रत मोडलं होतं.

"कधी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

आजोबांनी वहीत पाहिलं. "परवा. मंगळवारी. अकरा वाजून दहा मिनिटांनी."

भिंगरीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, एवढंच म्हणायचं होतं. खोलीत कुणाला काही कळणार नव्हतं. पडद्यावर आजोबा वाट पाहत होते. बसल्याबसल्या त्यांचा हात हळूच गुडघ्याकडे गेला आणि तिथे दुखतंय हे तिला दिसलं.

"मंगळवारी," ती म्हणाली. "या मंगळवारी. पत्रातलं खोटं होतं. मी बनवून लिहिलं होतं. ते खोटं बोलत नाहीत, म्हणून... म्हणून बहुतेक ते मुद्दाम जाऊन अडकून आलेत."

बाईंनी रुमाल परत पर्समध्ये ठेवला. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "जबाब सुरू आहे," ते म्हणाले. "पुढे."

"ते म्हणतायत पुढे सांगा," भिंगरी पुटपुटली.

"लिहून घ्या म्हणावं," आजोबांनी वही उचलली. "पत्रात 'आपल्याच कंपनीची लिफ्ट' असं आहे, दुसरीत अडकून चाललं नसतं. म्हणून चार इमारती हिंडलो. चौथ्या ठिकाणी यांच्या नावाची पाटी मिळाली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे आल्यावर लाल बटण दाबलं. दोन तासांनी परत दाबून निघायचं असा बेत होता. चालतंय की नाही म्हणून लगेच एकदा दाबून पाहिलं. नाही चाललं. तिथून पुढे मी खराच अडकलो."

"आणि पाण्याची बाटली?" बाईंना राहवलं नाही.

"बाटली आणि वर्तमानपत्र फटीतून हिने दिलं. पत्रात ते सात वर्षांच्या मुलीचं काम आहे, पण तशी मुलगी उपलब्ध नव्हती."

"चार मजले चढून दिलंय!" पडद्याबाहेरून आजीचा आवाज आला. "माझे गुडघे गेले, तेही लिहून घ्या म्हणावं!"

"किती वेळ अडकले होते?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पन्नास मिनिटं. बारा वाजता वॉचमन चावी घेऊन आला. मी म्हटलं, थांब, पत्रात दोन तास आहेत. उरलेली सत्तर मिनिटं मी स्वखुशीने बसलो. ती यांच्या नावावर लावू नका."

अधिकाऱ्यांचं पेन पहिल्यांदाच थबकलं. "पन्नास मिनिटं? आत मदतीचा टेलिफोन असतो. तो का नाही वापरला?"

"वापरला ना. तेवीस वेळा," आजोबा म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला आणि टेलिफोनमधल्या बाईचा रेकॉर्ड केलेला निरोप तिच्याच भाषेत, तिच्याच चालीवर, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. शेवटचं वाक्य होतं, मदतीसाठी एक दाबा.

"मग एक का नाही दाबलं?"

"कारण त्या टेलिफोनवर आकडेच नाहीत. एकच बटण आहे, त्यावर घंटीचं चित्र. ते दाबलं की बाई पहिल्यापासून सुरू होते."

अधिकाऱ्यांनी स्वतःचा फोन काढला, त्यात शोधून तो मदतीचा नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. टेलिफोनमधल्या बाईचा तोच निरोप सुरू झाला. आजोबांनी एक शब्दसुद्धा चुकवला नव्हता.

"असले टेलिफोन किती लिफ्टमध्ये आहेत?" भरतीच्या बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"ठाऊक नाही," अधिकारी म्हणाले. ते प्रथमच खुर्चीत मागे टेकले. "एकवीस वर्षांत या टेलिफोनवरून एकही तक्रार आलेली नाही. आम्ही दर वर्षी त्याबद्दल बक्षीस घेतो."

मग ते भिंगरीकडे वळले. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

"तुमचं पत्र खोटं होतं. हे मी फाइलमध्ये लिहिणार."

"हो," भिंगरी म्हणाली.

"माझ्या विभागात सहा महिने काम करा. एकेका लिफ्टमध्ये जायचं, टेलिफोन उचलायचा, काय होतं ते लिहायचं. डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. जमेल?"

भिंगरीने होकारार्थी मान हलवली आणि हलवतच राहिली.

"काय म्हणतायत ते?" पडद्यावरून आजोबांनी विचारलं, आणि तेवढ्यात तिकडची लाइन गेली.

पत्रावर सही व्हायला आणि ते कॉलेजात पोहोचवायला दुपार झाली. भिंगरी पळत गेली, पळत आली, आणि कॉलेजच्या पायरीवर चक्क बसली. कित्येक आठवड्यांत ती पहिल्यांदाच शांत बसली होती. मग तिने घरी फोन लावला.

"आई! मिळाली! आजोबांना दे, लवकर दे!"

"अगं बाई, मिळाली? पण आजोबा कुठे आहेत घरात? लाइन गेली तसे बाहेर पडलेत, आजीला घेऊन. एवढ्या उकाड्यात आजीने दोन स्वेटर घातलेत, वर कानटोपी! शीतगृहात जायचंय म्हणे. आजोबा म्हणाले, पत्रांतलं सगळं खरं करून ठेवलेलं बरं, कोण कधी विचारेल सांगता येत नाही."

"आई, थांबव त्यांना! आधी त्यांना फोन लाव!"

"लावते, लावते. ओरडू नकोस. आणि हे बघ, तुझे बाबा ऑफिसातून लवकर आलेत आणि कपाट उपसून बसलेत. ते विचारतायत, सरकत्या जिन्यासाठी जुनी पँट चालेल का?"