वाठोरेमामांचे आठ दिवे

गल्लीतली लाईट गेली की वाठोरेमामा खांद्यावर शिडी घेऊन सायकलवर येत, शिडी खांबाला लावत आणि वर चढायचं सोडून खाली जमलेल्या लोकांना विचारत, "सांगा बरं, काहून गेली?"

कुणी म्हणे कावळा चिकटला, कुणी म्हणे फ्यूज उडाला. "कंचा? तीन हायेत!" बराबर उत्तर आल्याशिवाय मामा शिडीवर पाय ठेवत नसत. एकदा हळदीचा एक आडत्या भयंकर तापला. मामा शांतपणे म्हणाले, "शेठ, चिडल्यानं लाईट येत असती, तर पहिले आमच्या हापिसात आली असती."

ही चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची गोष्ट. मी हट्टा गावाहून येऊन हिंगोलीच्या वीज कचेरीत नुकताच कारकून लागलो होतो. बी.ए. झालेला, त्यामुळे डोक्यात हवा. मामा तिथं जुने वायरमन, पन्नाशीचे, काटक, मूळचे पुसेगावचे. किती वाजले विचारलं तरी "सांगा बरं!" रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात त्यांनी एकदा लिहिलं होतं, 'साहेबांनी ओळखावे.' साहेबांनी डोक्याला हात लावला आणि वैतागून विचारलं, "कुणाचं लग्न?" मामा खूश. "बराबर! पुतणीचं!"

बायको वारल्यापासून मामा कचेरीमागच्या क्वार्टरात एकटेच राहत. तिच्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

त्या वर्षी मामांनी एक खेळ बनवायला घेतला. जिन्यातला दिवा कसा खालून लावता येतो आणि वरून बंद करता येतो, कारण त्याला दोन बटनं असतात, त्याच युक्तीवर. चहाच्या खोक्याची फळी, टॉर्चचे आठ बल्ब, मोडीतली काळी बटनं दोन-दोन जोडून केलेली आठ बटनं, आणि मागं वायरींचा असा गुंता की बघून घेरी यावी. एक बटन दाबलं की कुठले तरी दोन दिवे बदलत. लागलेला विझे, विझलेला लागे. आठही दिवे एकदम लावायचे, बस. पण सहा लागायचे आणि दोन राहायचे. त्या दोघांच्या मागं लागावं तर दुसरेच दोन विझायचे.

हळूहळू रोज संध्याकाळी मामांच्या खोलीत मंडळी जमायला लागली. आमच्या कचेरीतले, पोस्टातले, एष्टीतले. मामा सगळ्यांना चहा करून देत आणि फळीपाशी उकिडवे बसून प्रत्येकाचा घामटा निघताना बघत. "साहा झाले! आता? आता काय करून राहिले बाबू?"

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात कारागिरांसाठी स्पर्धा होती. तेव्हा आमचा जिल्हा परभणी. मामांनी नाव दिलं होतं. "परभणीच्या इंजिनेर लोकांनी तासभर डोकं खाजवलं पायजे, एवढीच आपली इच्छा," ते म्हणाले.

इकडं मी तीन आठवडे हरत होतो. पोस्टमन हसे, शिपाई हसे. बी.ए.ची अब्रू चालली होती! एका दुपारी मामा लाईनवर गेले होते आणि फळी कचेरीच्या स्टोअरमध्ये होती. मी मागचे स्क्रू काढले, बोटानं एकेक वायर धरून शोधलं आणि तळहातावर लिहून घेतलं. दोन, तीन, सहा, आठ.

त्या संध्याकाळी कपाळाला आठ्या घालून, थांबत थांबत मी ती चार बटनं दाबली. आठही दिवे लागले. खोलीत नुसता कल्ला! सगळ्यांत जोरात टाळ्या मामांनी वाजवल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाबू, परभणीपर्यंत कुणाला सांगू नका बरं."

"छे छे," मी म्हणालो. आणि दुसऱ्याच दिवशी पानाच्या ठेल्यावर शेखी मिरवली. एकालाच सांगितलं होतं हो! पण हिंगोली ती केवढी. आठवडाभरात ज्याच्या त्याच्या तोंडी दोन-तीन-सहा-आठ. मामांच्या खोलीत संध्याकाळी येणारे कमी झाले, मग बंदच झाले.

परभणीला मी मामांसोबत गेलो. गोधडीत गुंडाळलेली फळी त्यांच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, हे काय? "सांगा बरं!" अर्धी एष्टी ओळखत बसली. पेटी, फोटो, पाळणा. मामा इतके खुलले होते, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

परीक्षक आले. चष्म्यातून बघत त्यांनी दोन-तीन बटनं दाबली, त्यांना गंमत वाटायला लागली होती. तेवढ्यात गर्दीतून आमच्या गावचा कुणीतरी ओरडला, "साहेब, दोन, तीन, साहा, आठ!" त्यांनी सगळी बटनं वर केली आणि ती चार दाबली. आठही लागले. लोक हसले. परीक्षकही हसले, छान आहे म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडं गेले. मामा गोधडीची घडी घालत बसले.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. मामांनी माझ्यासमोर चहा ठेवला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तुमी आठ दिवे लावले त्या दिवशी फळीला एक स्क्रू कमी होता, बाबू."

मी मेल्याहून मेलो. "माहीत होतं? मग टाळ्या काहून वाजवल्या?"

"तुमी लई खूश दिसून राहिले होते."

मग त्यांनी मला बाजेवर बसवलं. उशाशी भिंतीत एक बटन होतं, दाराजवळ दुसरं. एकाच दिव्याची. एवढ्याशा खोलीत जिन्याची वायरिंग!

"आमची मंडळी तिथं पडून राहायची, आजारी. मी दारातून दिवा लावला की ती मुद्दाम बंद करायची. मी लावायचो, ती बंद करायची. लई हसायची. फळीवरचा खेळ त्याच्यातूनच निघाला. आता मीच लावतो अन् मीच चालत जाऊन बंद करतो." ते दाराशी जाऊन उभे राहिले. "बाबू, बंद करा बरं एकदा."

मी बंद केला. त्यांनी लावला. मी पुन्हा बंद केला. अंधारातून त्यांचं हसू ऐकू आलं. असं पाच-सहा वेळा झालं.

निघताना त्यांनी विचारलं, "उद्या येता?"

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. महिन्याभरात माझी बदली झाली. शरमेनं पाऊल उचललं नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. खरं ते एवढंच की कोडं सुटलं होतं, आणि इतरांसारखंच माझंही तिथं काही काम उरलं नव्हतं.