समुद्राचं तीर्थ

ठकुबाईचं वर्षश्राद्ध होतं, आणि लेकीनं घरातल्या फ्रिजला कुलूप घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. विंझर गावच्या कोंडिबाची ही लेक वैष्णवी समुद्राच्या पाण्यावर संशोधन करायची. जहाजावरून उतरून, गोव्याहून पुण्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या नेता नेता ती आईच्या श्राद्धासाठी एक दिवस घरी थांबली होती.

"आबा, बाटल्यांना हात लावू नगा. ह्यात तांबं, लोखंड अगदी कणभर असतं, तेच मोजायचंय. आन् झाडपाल्यातून, जिवांतून येणारा कार्बनबी. भांड्याचा, हाताचा डागसुदीक चालत न्हाई. माझी डिग्री ह्याच्यावरच हाय."

कोंडिबानं मान डोलावली. लेक हातमोज्यांवर हातमोजे चढवून, श्वास रोखून फ्रिजमध्ये बाटल्या ठेवत होती. एवढं सोवळं देवळातल्या पुजाऱ्यानंही कधी पाळलं नव्हतं. हे पाणी साधं नसणार, हे त्याच्या मनानं पक्कं घेतलं.

त्यात मनाला एक जुना सल होता. ठकुबाईला समुद्र बघायचा होता. "औंदा भात काढलं की जाऊ," असं तो दर वर्षी म्हणायचा. भात दर वर्षी निघालं, समुद्र तेवढा राहिला.

वैष्णवी मावशीला आणायला एसटी थांब्यावर गेली आणि कोंडिबानं एक बाटली काढली. देव्हाऱ्यातला तांब्याचा गडू चिंचेनं घासून लख्ख केला, त्यात पाणी ओतलं, वर तुळशीची पानं सोडली आणि ठकुबाईच्या फोटोपुढच्या नैवेद्याशी पळीभर ठेवलं. तेवढ्यात भावकी आली.

"कसलं तीर्थ रं, कोंडिबा?" चिमाजीअण्णांनी विचारलं.

"समुद्राचं. लेकीनं आणलंय."

मग काय! तळहात पुढे आले. श्राद्धाच्या दिवशी दारातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? बनाबाईनं तर गुडघ्यांना चोळायला तांब्याभर मागितलं. एकेक करत सगळ्या बाटल्या गडूत रिकाम्या झाल्या. पाणी खारट, त्यात टिकावं म्हणून वैष्णवीनं घातलेल्या आम्लानं आंबटढाण. पण तीर्थ थुंकायचं कसं? सगळ्यांनी डोळे मिटून गिळलं, आणि वाकडी तोंडं भक्तिभावात खपून गेली.

वैष्णवी मावशीला घेऊन परतली. तिला रिकाम्या बाटल्या दिसल्या, गडू दिसला, त्यात तरंगणारी तुळस दिसली.

"आबा, तांब्याच्या गडूत? आन् वर पाला?" ती म्हणाली. "जहाज आता फुडल्या वर्साला. माझं वरीस गेलं की हो."

"तुज्या आईला समुद्र दावायचा व्हता गं," कोंडिबा म्हणाला. मग त्यानं उरलेलं तीर्थ तोंडात टाकलं. घरच्या माणसानं शेवटी घ्यायचं, म्हणून त्यानं ते अजून चाखलंच नव्हतं.

त्याचा चेहरा पडला. फोटोकडे बघत तो मटकन खाली बसला.

"लई खारं हाय गं पोरी! डाक्टरनं तिचं मीठ बंद केलं व्हतं. शेवटपतुर अळणी जेवली बिचारी, आन् म्या आज..."

वैष्णवीनं एक रिकामी बाटली उचलली होती. तिनं ती खाली ठेवली आणि ती बापाशेजारी जमिनीवर बसली.

"आता चालतंय तिला, आबा."