श्रीखंडाच्या डब्यातलं जिनसेंग

चंद्रहास पोंक्षे हा दक्षिण गोलार्धातला एकमेव मराठी गुप्तहेर होता. निदान त्याचं तसं म्हणणं होतं, आणि सरहद्दी बंद असल्यामुळे ते खोडून काढायला दुसरा कुणी येण्याची शक्यताही नव्हती. पोटासाठी तो क्वेकर्स हिल या उपनगरातल्या घरातूनच सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. दुसऱ्यांच्या चुका हुडकण्याचा पगार मिळत असल्याने आपली स्वतःची चूक होऊच शकत नाही, असं त्याला प्रामाणिकपणे वाटे.

या नोकरीचा मात्र त्याला मनस्वी कंटाळा आला होता. सुटकेचा मार्ग होता जिनसेंग नावाची महागडी औषधी मुळी. बी ओल्या वाळूत घालून दीड वर्ष सांभाळायचं, सावलीत पेरायचं, सहा-सात वर्षांनी मुळ्या उपटून विकायच्या आणि मॅनेजरला कायमचा रामराम ठोकायचा. पहिल्या लॉकडाउनमध्येच त्याने बी वाळूसकट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरलं, वर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. यंदाच्या वसंतात, म्हणजे तिथल्या सप्टेंबरमध्ये, बियांनी तोंडं उघडली. दुसऱ्या कुणीही त्या लगेच पेरल्या असत्या, पण चंद्रहास दसऱ्याची वाट बघत बसला. एवढ्या मोठ्या गुंतवणुकीला मुहूर्त नको?

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. दोन महिन्यांसाठी येऊन विमानांअभावी अडकलेल्या सासूबाईंनी, म्हणजे विमलताईंनी, घटातले कोंब खुडून सगळ्यांच्या कानांवर खोचले. मग चंद्रहासने पेरणीसाठी डबा उघडला. आत श्रीखंड होतं.

"चोरी," तो कान खाजवत म्हणाला. म्हातारपणाची सगळी सोय त्या डब्यात होती.

पहिला संशय शेजारच्या प्रतापवर. घराबाहेर हे गुपित फक्त त्यालाच ठाऊक होतं, कारण चंद्रहास ते त्याला दर आठवड्याला सांगायचा. मास्क लावून कुंपणापाशी उलटतपासणी झाली.

"Mate, मी तो डबा चोरला असता," प्रताप म्हणाला, "तर त्याच्याबद्दल ऐकणं तरी थांबलं असतं."

दुसरा संशय बायकोवर. फ्रिजमधली जागा हा कौमुदीचा जुना सल होता. पण तिने मीटिंग म्यूट करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने तो संशय मागे घेतला. तिसरा सिद्धान्त छपरावर रात्री हिंडणाऱ्या पॉसम या मांजराएवढ्या प्राण्याचा होता. पॉसम फ्रिज उघडू शकतो इथपर्यंत तो सिद्धान्त नीट पोचला, पण श्रीखंडात वेलदोडा कुणी घातला या प्रश्नाशी अडला.

"आईला विचारलंस?" कौमुदीने विचारलं.

सासूबाईंवर संशय घेणं संस्कारात बसत नाही, असं त्याने बाणेदारपणे सांगितलं. शेवटी तिनेच विचारलं.

"ती वाळू होय?" विमलताई पुऱ्या लाटता लाटता म्हणाल्या. "ती घटाला घेतली की. लॉकडाउनमध्ये माती कुठून आणणार? फ्रिजमध्ये जपलेली दिसली, वर हात लावू नये लिहिलेलं. म्हटलं, जावयांनी सोवळ्यात ठेवलीय. आंघोळ करूनच घेतली हो मी. आत बिया पण होत्या, त्यांतच गहू मिसळले."

कौमुदीने नवऱ्याच्या कानावरचा जुडगा काढला. गव्हाच्या पिवळट पात्यांमध्ये एक तांबूस देठ होतं आणि त्याला तीन इवली पानं. सकाळपासून तपास करणाऱ्या गुप्तहेराच्या कानावर मुद्देमाल मिरवत होता. उरलेला विमलताईंनी कुंपणावरून प्रतापच्या घरी सगळ्यांना वाटला होता.

चंद्रहासने ती पानं बराच वेळ निरखली आणि जुडगा पुन्हा कानावर खोचला. त्याला रडू येत होतं, आणि उगवलं म्हणून आनंदही होत होता.

"सहा वर्षांनी येणार होतं ना?" विमलताईंनी त्याची समजूत घातली. "देवीने नऊ दिवसांत दिलं. घ्या, श्रीखंड घ्या."

त्याने घेतलं. दाताखाली थोडी वाळू आली.

सोमवारी त्याने व्हिडिओ कॉलवर लॉगिन केल्यावर मॅनेजरने विचारलं, कानावर ते सुकलेलं काय आहे.

"रिटायरमेंट," असं म्हणून चंद्रहास कामाला लागला.